समोरची कड

नाण्यातली खोट दोन तऱ्हेची असते, असं दादा सांगायचा. एक टांकसाळीतली, म्हणजे जन्माची. तिच्यासाठी शौकीन लोक वाट्टेल ती किंमत मोजतात. दुसरी बाहेर पडल्यावरची, कुणी ठोकलेली, कुणी कानशीने घासलेली. तिला कुणी विचारत नाही. तुकडा उडालेलं नाणं हातात आलं की दादा तुटक्या जागेकडे बघायचाच नाही. तिच्या बरोबर समोरची कड भिंगाखाली धरायचा. नाणं जन्मापासून तुटकं असेल तर छापताना समोरच्या कडेलाही पुरता दाब बसत नाही, ती फिकी उठते. मागून कापलेलं असेल तर ती कड ठसठशीत असते.

"मार खाल्लेल्याकडे काय बघतोस, वादळा," तो मला म्हणायचा, "समोरच्याला विचार."

मी सातवीतून शाळा सोडलेला, दादाच्या जुन्या नाण्यांच्या दुकानात चहा आणणारा, आणि गिऱ्हाइकाला भलतेच शब्द देऊन बसणारा. तीन आठवड्यांपूर्वी घड्याळजी काकांना असंच बोलून गेलो की तुमचं तुटकं नाणं जन्माचंच आहे, दादाच्या सहीची तशी चिठ्ठी घेऊन जा. दादाने भिंग लावलं आणि पेन खाली ठेवलं.

"मागून कापलंय. समोरची अक्षरं बघ, कशी खणखणीत आहेत."

मी वाकून बघितली. होती खणखणीत.

"एकदा लिही ना. तुझं काय जातंय?"

"झोप जाते."

मी त्याला ढकललं. उजव्या हाताने, छातीवर. तो मागच्या पायरीवर आपटला, उठला, डोकं चोळत "शाबास पैलवान" म्हणाला, आणि संध्याकाळी गेला.

डॉक्टर म्हणाले, डोक्यातली शीर जन्मापासूनच कच्ची होती, कधीतरी फुटणारच होती. आईने ते वाक्य घट्ट धरून ठेवलं. मला धरता येईना. तो तसाच आला होता की मी त्याला तसं केलं, एवढंच मला कळायला हवं होतं, आणि हे ओळखू शकणारा माणूस एकच होता.

काल दुकान उघडलं. काकांचं नाणं टेबलावर तसंच पडलेलं. दमून गेलो होतो, तरी भिंग उचललं. समोरची कड फिकी होती. मी डोळे पुसले, नाणं पुसलं, खिडकीशी नेलं. अक्षरं कडेकडे जाताना विरत गेली होती. मग 'मागून मार' असं दादाने लिहिलेला अख्खा डबा टेबलावर पालथा केला. एकेक करून सगळी बघितली. सगळी जन्माची होती.

दुपारी काका आले. "तुझ्या भावाने तेव्हाच सांगितलं होतं की, जन्माचं आहे म्हणून. नेहमीसारखा भिंतीला धरून उभा होता बिचारा."

"भिंतीला?"

"अरे, लहानपणापासून चक्कर यायची ना त्याला. मला काय विचारतोस, भाऊ तुझा!"

दादा तीन-तीन पायऱ्या गाळत जिना चढायचा.

घरी आई शाळेच्या शर्यतीचा फोटो पुसत बसली होती. त्या शर्यतीत तो पहिला आला होता. मी मैदानाच्या कडेला ओरडून ओरडून घसा बसवून घेतला होता. फोटोत बाकीची मुलं धावत होती, आणि दादा मागे खुर्चीवर बसून त्यांच्याकडे बघत होता.

मग माझ्याने राहवलं नाही.

"आई, मी ढकललं त्याला. मी मारलं."

ती रडली नाही, रागावलीही नाही. तिने फोटो बाजूला ठेवला, माझा उजवा हात मांडीवर घेतला आणि बोटं एकेक करून सरळ करू लागली, रोजचं काम असल्यासारखी.

"या हाताने?" ती म्हणाली. "वेडा कुठला. जन्मल्यापासून याने साधा पेला उचलला नाही रे."

मी हात ओढून घ्यायला गेलो. तो तिच्या मांडीवर तसाच राहिला.