जास्तीचा पट्टा

सोफ्याच्या जाड सुईत दोरा ओवून त्याने गादी गुडघ्यांत आवळली आणि उजव्या हाताने पहिला टाका घातला. डावा हात झोळीत होता. उभी हयात सोफे शिवण्यात गेली, पण एका हाताने शिवायची पाळी आजवर आली नव्हती.

"गादी पाठीवर घ्यायला दोन पट्टे आहेत, बूट अडकवायला एक आहे. हा चौथा कशाला?" त्याने विचारलं.

"शिवा म्हटलं की शिवावं," बायको म्हणाली.

शाळेत मुलांना गणिताची प्रत्येक पायरी लिहायला लावणारी ही बाई घरात मात्र नुसतं उत्तर सांगून मोकळी व्हायची.

निवृत्त झाल्यावर तिला जंगलातले मोठाले खडक चढायचं खूळ लागलं. दोर नाही, काही नाही. खाली ही गादी, आणि पडलीच तर तिला गादीवर वळवायला हात वर करून उभा असलेला तो. 'गेंडा' नावाच्या खडकाने तिला दोनदा शेवटच्या पकडीवरून खाली टाकलं होतं. मग जिन्यातून सोफा उतरवताना त्याचा खांदा निखळला आणि तिने जाहीर केलं, "खाली तुम्ही नाही, तर वर मी नाही."

पण जेवताना तिची बोटं टेबलाच्या कडेला ती पकड चाचपत असायची. ते बघून त्याचा जीव तुटायचा. म्हणून उद्या आपल्या जागी खडकाखाली उभं राहायला त्याने जावयाला गळ घातली होती.

जावई एकेकाळी तिच्याच वर्गात होता. अजूनही तिच्यासमोर शर्टाची बटणं तपासायचा.

पट्टा शिवून झाला, जावई सरावाला आला, तशी गादी जमिनीवर पसरली. बायको टेबलावर चढून पाठमोरी उभी राहिली.

"पडते हं."

ती पडली. जावई आदराने दोन पावलं मागे सरला.

"अहो जावईबापू, तुमची सासू येतेय, बस नाही! वाट कसली देताय?"

"बाबा, आईंना धरायचं म्हणजे... बरं दिसेल का?"

"पडताना ती सासूही नसते आणि बाईही नसते. कमरेकडे बघा, तोंडाकडे नको. तोंडाकडे बघाल तर पाढे आठवतील."

बायको हसू दाबत पुन्हा चढली. या खेपेला तिने सांगितलंच नाही. जावयाचे हात मात्र वेळेवर गेले, तिला कमरेशी धरून त्याने अलगद गादीवर उतरवलं आणि कानापर्यंत लाल झाला.

"पास," ती म्हणाली.

सासऱ्याला फार बरं वाटलं. आणि थोडं वाईटही वाटलं, खोटं कशाला बोला. ती पडली तेव्हा त्याचाही उजवा हात वर गेला होता. आता तो रिकामा हात कुठे ठेवावा ते त्याला कळेना. तो उगाच सुई डबीत ठेवू लागला.

बायकोने ते पाहिलं. ती आत गेली आणि बाल्कनीतली त्याची घडीची खुर्ची घेऊन आली. गादी दुमडून तिने खुर्ची त्यावर टेकवली आणि नवा पट्टा ओढून घट्ट केला. मापात बसला.

"गादी जावई उचलतील," ती म्हणाली. "तुम्ही फक्त समोर बसा. आणि तोंडाकडे बघा."