राखणदाराचं मीठ

“काका, माझ्या बटाट्यांच्या पट्ट्याजवळ जाळ करायचा नाही. धूरसुद्धा नको,” इंजिनियरबाई म्हणाली.

मेल्चोरने काठी जमिनीवर टेकवली आणि तो तिच्याकडे बघत राहिला. माझ्या हातात त्याच्या जेवणाचं गाठोडं होतं. मी ते खाली ठेवलंच नाही.

“आणि हिव पडलं तर?” त्याने विचारलं.

“पडू दे. मला तेच हवंय.”

“रोपं मेलेली हवीत तुला?”

“तसं नाही हो. कुठली मरतात आणि कुठली तग धरतात, ते बघायचंय. हवामान बिघडत चाललंय, काका. जे बटाटे या थंडीत टिकतील, तेच उद्या सगळ्यांना लागणार आहेत.”

सगळ्यांना म्हणजे कोणाला, ते काही तिने सांगितलं नाही. मी मनात म्हटलं, बासिलिया, ही पोरगी गोड बोलते, हिच्यावर डोळा ठेव. मी अशीच आहे. बाजारात अंडंसुद्धा उन्हात धरून बघितल्याशिवाय घेत नाही.

मेल्चोर, माझा नवरा, त्या वर्षी गावाच्या शेतांचा राखणदार होता. पेरणी झाली की गावसभा एकाच्या हातात काठी आणि शंख देते. त्याने कापणीपर्यंत वरच्या झोपडीत राहायचं, गुरं हाकायची, गारांचे ढग आले की शंख फुंकायचा, हिव पडणार असेल तर शेणाचे जाळ करून धूर करायचा. बायकोजवळ जायचं नाही. मीठ खायचं नाही. पीक गेलं तर आधी राखणदारालाच विचारतात, काय खाल्लंस, कुठे झोपलास? मेल्चोरचा बाप तीनदा राखणदार झाला होता. मेल्चोरचं नाव मात्र दर वर्षी निघायचं आणि कोणीतरी म्हणायचं, तो मऊ आहे, त्याला झेपायचं नाही. शेवटी एकसष्टाव्या वर्षी काठी मिळाली. त्या दिवशी तो घरी आला तो दारात वाकायचंच विसरला, चौकट कपाळाला लागली, तरी हसत होता.

बाईचा पट्टा आमच्या शेतांच्या वरच्या अंगाला. बत्तीस ओळी, बत्तीस जातींचे बटाटे, प्रत्येक ओळीला पत्र्याची चिठ्ठी. मधोमध खांबावर एक पांढरी पेटी. बाई दर पंधरा दिवसांनी कुस्को शहरातून जीपने यायची, शाळेच्या खोलीत राहायची आणि पानन् पान मोजायची. शेवटची ओळ माझ्या सासूच्या बटाट्याची. दामियाना म्हणायचे तिला, आणि तिच्या त्या काळ्या, गाठाळ, कडसर बटाट्यालाही दामियानाच म्हणायचे. बाईने आठ बटाटे मागितले, मी आठ दिले, सगळ्यात बारके निवडून. चांगले का द्यायचे?

एकदा ती ओळीत वाकलेली असताना मी पेटीच्या फटीतून आत बघितलं. लाल दिवा लुकलुकत होता. दुसऱ्या दिवशी नळावर मी लिओनार्डाला म्हटलं, “म्हणे थंडी मोजते. मला विचारशील तर ती पेटी थंडी बोलावते.”

“अगं बाई! खरंच?”

“उगीच का ती म्हणते, हिव पडू दे?”

अर्धं मी गमतीनेच म्हटलं होतं. रविवारपर्यंत ते गावभर झालं.

फेब्रुवारी आला, आमच्याकडचा ऐन पावसाळा. तीन महिने अळणी खाऊन मेल्चोर पार वाळला होता. विजार सुतळीने बांधायचा. तक्रार एक नाही, पण वाटीतलं अर्धं कुत्र्याला जायचं. मला बघवेना. त्या दिवशी मेंढीच्या हाडांचं सूप केलं, गोठवून वाळवलेले बटाटे टाकले आणि चिमूटभर मीठ. म्हटलं, एवढ्याशाने काय कळतंय?

पहिला चमचा तोंडात गेला आणि तो थांबला. त्याने माझ्याकडे बघितलं. मी डोंगराकडे बघत होते. मग त्याने सगळं संपवलं, वाटी बोटाने पुसून घेतली.

“छान झालंय, म्हातारे,” तो म्हणाला. लग्नाला अडतीस वर्षं झाली, हे पहिल्यांदाच.

तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला, आभाळ स्वच्छ झालं. चौथ्या दिवशी पहाटे उठले तर अंगणातल्या बादलीत बर्फाची पापडी. तशीच वर पळत सुटले.

उतार काळा पडला होता. फुलावर आलेली रोपं शिजवलेल्या पाल्यासारखी जमिनीवर लोळत होती. मेल्चोर झोपडीपुढे बसला होता, भुवया काजळलेल्या, हात भाजलेले.

“चौदा जाळ केले,” तो म्हणाला. “पुरले नाहीत.”

मला मिठाशिवाय दुसरं काही सुचेना. आणि वर इंजिनियरबाई गुडघ्यांवर बसून लिहीत होती. “मावशी, अठ्ठावीस ओळी गेल्या, चार उभ्या आहेत!” ती ओरडली. “तुमची दामियाना सगळ्यात ताठ!” तिचा चेहरा फुलला होता. एक ठेवून द्यावीशी वाटली.

दुपारपर्यंत गाव वर आलं. कोणाकडे कुदळ, कोणाकडे पहार. सभेचा अध्यक्ष विसेंते खांबापुढे उभा राहिला.

“काढा ही पेटी. आणि मेल्चोर, तुझ्या नाकासमोर ही बया थंडी बोलावते आणि तू काठी धरून बसतोस?”

“मऊच आहे तो,” मागून कोणीतरी म्हणालं. “बाईने म्हटलं जाळ करू नको, हा मान हलवून मोकळा.”

“बासिलियाच सांगत होती की, पेटीत दिवा आहे म्हणून!” लिओनार्डा म्हणाली. “सांग ना गं!”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तोंड उघडलं. पेटीचा दोष नाही म्हटलं, तर पुढचा प्रश्न मिठाचाच येणार. पेटीचा दोष आहे म्हटलं, तर माझा जीव सुटत होता. मी तोंड मिटलं.

बाई खांबाला पाठ लावून, हात पसरून उभी राहिली. “सहा वर्षांचं काम आहे हो. मोडू नका,” ती म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. मला पहिल्यांदा वाटलं, ही खोटं बोलत नसावी.

विसेंतेने पहार उचलली.

“पेटीला हात लावायचा नाही,” मेल्चोर म्हणाला. तो उठून उभा राहिला होता. “मी मीठ खाल्लं.”

विसेंतेची पहार खाली आली.

“कोणी दिलं?” विसेंतेने विचारलं.

“कोणी कशाला देईल? झोपडीत लपवून ठेवलं होतं. जीभ आवरली नाही.”

त्याने माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. मला ओरडायचं होतं, मी दिलं, मी! पण मी दोन पावलं मागे, बायकांच्या घोळक्यात सरकले. विसेंतेने हात पुढे केला. मेल्चोरने काठीवरची काजळी अंगावरच्या लोकरी पोंचोच्या टोकाने नीट पुसली आणि काठी दिली. मग गळ्यातला शंख काढून दिला. लोक खाली गेले. लिओनार्डा जाताना त्याच्या पायापाशी थुंकली.

दुसऱ्या दिवशी बाई कागद घेऊन घरी आली. “काका, त्या रात्री अकरा गावांत हिव पडलं. सगळीकडे एकाच वेळी. मिठाचा काही संबंध नाही. मी सभेत सांगते.”

“अकरा गावांत अकरा राखणदार आहेत, बाई,” मेल्चोर म्हणाला. “त्यांनी काय खाल्लं, ते आहे का तुझ्या कागदात?”

ती हसली. तो हसला नाही. ती गेल्यावर मीच तिच्यामागे जीपपर्यंत गेले आणि दामियानाची अर्धी पिशवी तिला दिली, या वेळी मोठे निवडून.

याला सहा वर्षं झाली. आता खालच्या चार गावांत दामियाना लावतात. लिओनार्डासुद्धा लावते. बाईच्या पुस्तकात माझ्या सासूचं नाव छापलंय म्हणे, तिने पान दाखवलं होतं. मेल्चोरच्या हातात काठी परत आली नाही, सभेत त्याचं नाव आता निघतही नाही.

काठी देऊन तो घरी आला त्या दिवशी मी ताटाजवळ मिठाची वाटी ठेवली.

“आता कशाला?” त्याने विचारलं.

“आता तू राखणदार कुठेयस, म्हाताऱ्या? खा की.”

त्याने वाटी बाजूला सारली. अजूनही अळणीच खातो. मीही त्याच्यासारखंच खाते. घरातला मिठाचा दगड मी गोठ्यातल्या लामांना चाटायला घालते. मी मीठ का सोडलं, ते त्याने कधी विचारलं नाही आणि मला सांगायला अजून धीर होत नाही. फक्त जेवायला बसला की पहिला घास तोंडात घेऊन तो थांबतो आणि माझ्याकडे बघतो. मी डोंगराकडे बघते.