गुलाबी बाथरूमचा राडारोडा

ड्वाइट ह्रुस्काच्या दारात डंपस्टर येऊन पडला आणि अर्ध्या गल्लीला आपापल्या तळघरांची आठवण झाली. सीडर रॅपिड्सच्या त्या भागात हे असंच चालतं. कोणाच्याही अंगणात राडारोडा भरून न्यायची ती भलीमोठी लोखंडी पेटी दिसली, की गुळाला मुंगळे लागावेत तसे शेजारी गोळा होतात. चोरून कोणी काही टाकत नाही, आयोवाची माणसं ती. आधी हवापाण्याचं बोलतात, मग मका यंदा कसा आहे ते विचारतात, आणि निघता निघता, जसं काही आत्ताच सुचलं, म्हणतात, "बरं, एखादी लहानशी वस्तू टाकली तर चालेल ना?" याला नाही म्हणायची तिथे पद्धत नाही.

डंपस्टर घेऊन आलेली ड्रायव्हर डार्ला चांगली धिप्पाड बाई होती. अंगणाच्या काँक्रीटला तडे जाऊ नयेत म्हणून तिने चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि बजावलं, "काठाच्या वर काही येता कामा नये हं. आलं तर मी उचलणार नाही. तुमचं कमोड वाटेत कोणाच्या काचेवर पडलं तर लायसन माझं जाईल, तुमचं नाही."

"बरं," ड्वाइट म्हणाला. बायको गेल्यापासून तो सगळ्यालाच बरं म्हणत होता.

मार्लिस वसंतात गेली होती. मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि दोन दिवसांत सगळं आटोपलं. ड्वाइटला रडू आलं नाही. चर्चमधल्या बायकांनी भरपूर खायला आणून दिलं, ते त्याने ओट्याशी उभ्यानेच संपवलं. मीठ कमी आहे की जास्त, हेसुद्धा त्याला कळत नव्हतं. दात काढताना गालाला देतात ते सुन्न करणारं औषध कोणीतरी सगळ्या अंगाला दिलं असावं, तसा तो हिंडत होता.

दवाखान्यात डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला होता. "रक्त पातळ करायची गोळी त्या नेमाने घेत होत्या ना? गोळी चालू असताना सहसा असं होत नाही."

गोळी द्यायचं काम ड्वाइटचं होतं. सकाळी एक, संध्याकाळी एक. "हो, घेत होती," तो म्हणाला, आणि त्यांची मुलगी जनेल त्याच्याकडे वळून बघत राहिली. त्याच महिन्यात तो गॅसवर किटली ठेवून चर्चला निघून गेला होता. किटली जळून कोळसा झाली होती आणि ती जनेलनेच घासायचा प्रयत्न करून फेकली होती. ती नजर बघितल्यावर ड्वाइटलाही खात्री वाटेना. दिली होती का आपण रोज? की दिली असं नुसतं वाटत होतं?

जनेलने त्यानंतर गोळीचं नावही काढलं नाही. त्या घरात भांडण करत नाहीत, भांडी घासतात. अंत्यविधीनंतर तिने सगळी भांडी घासली आणि बापाला मिठी न मारता डे मॉइनला आपल्या घरी निघून गेली. मग फोनवर हळूहळू सुरू झालं. डॅड, तुला एकट्याला जमायचं नाही. डॅड, माझ्या घराजवळ एक फ्लॅट आहे. डॅड, घर विकू या, पण ते गुलाबी बाथरूम बघून गिऱ्हाईक पळून जाईल, आधी ते काढायला हवं.

"बरं," ड्वाइट म्हणाला.

आयुष्यभर गवंडीकाम केलेला माणूस, त्याने मजूर लावलाच नाही. घण घेतला आणि गुलाबी टाइलवर घालायला लागला. कमोड गुलाबी, बेसिन गुलाबी, टबसुद्धा गुलाबी. लग्नानंतर घर बघायला आले तेव्हा मार्लिस या रंगाला हसली होती आणि म्हणाली होती, "बदलू हं पुढच्या वर्षी." टबचे तुकडे करून बादलीतून बाहेर नेताना त्याला हे आठवलं, पण दुसऱ्या कोणाची हकीकत आठवावी तसं.

शेजारचा लोवेल कुंपणाशी आलाच. "काय रे ड्वाइट, घर पाडतोयस की काय?"

"बाथरूम."

"मका बरा आहे यंदा. बरं, माझी ती जुनी आरामखुर्ची आहे... लहानशीच रे."

"टाक."

मंगळवारी दुपारी त्याने बेसिनवरचं आरशाचं पत्र्याचं कपाट भिंतीतून उपटलं. त्याच्या पाठीला एक बारीक फट होती. त्या काळच्या सगळ्या घरांत ती असायची. दाढीचं ब्लेड बोथट झालं की त्या फटीत सरकवायचं, ते भिंतीच्या पोकळीत पडायचं. पुढे त्याचं काय होतं, याची काळजी घर बांधणाऱ्याने केली नाही आणि दाढी करणाऱ्यानेही नाही. पुढचं पुढचे बघतील! आता ते पुढचे म्हणजे ड्वाइटच. त्याने कपाटाच्या खालचा गिलावा पहारीने फोडला. गंजलेल्या ब्लेडांची रास पायाशी घसरली.

आणि राशीवर गोळ्या होत्या. लहान, गोल, गुलाबी. काही ओल लागून फुगलेल्या, बाकीच्या धडधाकट. ओंजळीत मावणार नाहीत इतक्या.

ड्वाइट टबच्या जागेवर बसला. गोळी त्याला ओळखायला चष्मा लागला नाही. रोज तो ती मार्लिसच्या तळहातावर ठेवायचा. "हो हो, घेते की," ती म्हणायची आणि बाथरूममध्ये जायची. नळ वाजायचा.

म्हणजे मी विसरलो नव्हतो, हे त्याच्या मनात पहिलं आलं. त्यातही त्याला आनंद वाटला नाही, फक्त खांद्यावरून काहीतरी उतरलं.

मार्लिस अशी का वागली, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. त्या गोळीने तिच्या हातांवर नुसतं बोट लागलं तरी काळेनिळे डाग उठायचे. एका रविवारी जेवताना ती म्हणालीही होती, "हे अंग मला माझं वाटत नाही गं. सोडून देऊ का ही गोळी?" जनेल दवाखान्यात नोकरीला, ती कशी ऐकेल! "मॉम, माझ्यासाठी घे," ती म्हणाली. मार्लिस हसली. "तुझ्यासाठी ना? मग काय, घेईनच." नाही म्हणणं मार्लिसच्या रक्तातच नव्हतं. लोवेलच्या बायकोच्या सुक्या आलूबुखाराच्या गोड पोळ्या तिने तीस वर्षं "किती छान गं" म्हणून घेतल्या आणि मागच्या दारी खारींना घातल्या. लोवेलच्या बायकोला अजून पत्ता नाही.

ड्वाइटने ब्लेडं आणि गोळ्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरल्या. डबा स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. गुरुवारी जनेल येणार होती. तिच्यापुढे झाकण उघडायचं, बस. मग घर विकायला नको, फ्लॅट नको, आणि पोरगी पुन्हा पूर्वीसारखं बघेल.

गुरुवारी जनेल आणि डार्लाचा ट्रक पाठोपाठच आले. डार्लाने डंपस्टरकडे बघून कमरेवर हात ठेवले. राडारोड्याच्या डोक्यावर लोवेलची आरामखुर्ची राजासारखी बसली होती, शेजारी कोणाचीतरी गालिच्याची गुंडाळी आणि प्लॅस्टिकचं ख्रिसमसचं झाड.

"हे काय? मी काय सांगितलं होतं?"

"शेजारी," ड्वाइट म्हणाला.

"शेजारी सगळ्यांनाच असतात हो! खाली काढा. तोवर मी कॉफी पिते."

बापलेक वर चढले. खुर्ची दोघांनी धरून उतरवली. गालिचा आणि झाड खाली टाकून जनेल टाइलच्या ढिगावरच बसली. धाप लागली होती.

"डॅड, एक बोलू? मॉमने माझं जन्मात काही ऐकलं नाही. सिगरेट सोड म्हटलं, चोरून ओढली. चालायला जा म्हटलं, गेले होते म्हणून थाप मारली. ती गोळी तेवढी माझ्यासाठी घेत होती. मी तेवढंच धरून बसलेय." तिने हातमोजे काढले. "आता तू खरं सांग. तुझ्याकडून द्यायची राहत होती ना, अधूनमधून? मी रागावणार नाही. मला फक्त कळायला हवं."

ड्वाइट उठला. तो उतरून घरात गेला आणि डबा घेऊन आला. जनेलने वरून हात पुढे केला, डबा घेतला, हलवून बघितला. आत खळखळ वाजलं.

"यात काय आहे?"

झाकण तिच्या अंगठ्याखाली होतं. ड्वाइटने तिच्याकडे बघितलं. बापावर रागावून ही पोरगी जगू शकेल, जगतेच आहे. पण आपणच आग्रह केला आणि आईने आपल्याला हसून फसवलं, हे घेऊन ती कुठे जाईल? कितीतरी महिन्यांनी त्याच्या छातीत काहीतरी दुखलं.

"जुनी ब्लेडं," तो म्हणाला. "भिंतीतली. हात कापेल, उघडू नकोस."

"मग ठेवतोस कशाला?" तिने डबा टबच्या तुकड्यांमध्ये फेकला. तो घरंगळत तळाशी गेला.

"राहत असेल," ड्वाइट म्हणाला. "गोळी. अधूनमधून. मला वाटायचं, दिली."

जनेल खाली उतरली आणि तिने बापाला घट्ट मिठी मारली. अंत्यविधीला मारली नव्हती ती. "असू दे, डॅड," ती रडत म्हणाली. "मुद्दाम थोडंच केलंस. असू दे." ड्वाइट तिच्या पाठीवर थोपटत राहिला. डार्लाने कॉफीचा पेला संपवून लोखंडी दोर अडकवला, पेटी करकरत ट्रकवर चढली, आणि अंगणात फळ्यांचे ठसे, गालिचा, ख्रिसमसचं झाड आणि लोवेलची खुर्ची तेवढी उरली.

मग जनेल आत जाऊन त्याची रक्तदाबाची गोळी आणि पाण्याचा पेला घेऊन आली. "यापुढे हे माझ्यासमोर," ती प्रेमाने म्हणाली.

"बरं."

त्याने गोळी जिभेवर ठेवली आणि पाणी प्यायला. जनेल समोरच उभी होती.

"तोंड उघड बघू."

ड्वाइटने आ केला.