हिरव्या दरवाजाचं उद्घाटन

दारव्ह्याच्या बाहेर, यवतमाळ रस्त्याला लागून सदाशिवरावांचं मोठं शेत आहे. त्या साली कापूस वेचून झाला, उरलेली झाडं, म्हणजे पऱ्हाटी, कापून नेली, शेत रिकामं दिसायला लागलं आणि सदाशिवरावांना संगीताची आवड निर्माण झाली. त्याआधी त्यांना ती असल्याचा कोणी संशयही घेतला नव्हता. नागपूर-पुण्याचे बँड बोलावून ‘काळी माती संगीत महोत्सव’ भरवायचं ठरलं आणि रिवाजाप्रमाणे समित्या नेमल्या गेल्या. स्वागत समितीत चाळीस माणसं, सत्कार समितीत तीस, फोटो समितीत जागा उरली नाही म्हणून दोघं रुसले. सुरक्षा समितीत एकटे नरहरराव.

नरहररावांची सगळी नोकरी यवतमाळच्या एका कापूस जिनिंगच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी म्हणून गेली. सरकीच्या ढिगात ठिणगी पडली की माणसाला विचार करायला सवड मिळत नाही, म्हणून कुठंही शिरलं की आधी बाहेर पडायचा दरवाजा शोधायचा, ही एकच सवय त्यांनी आयुष्यभर जपली. स्वतःच्या लग्नात अंतरपाट दूर झाल्यावर त्यांनी प्रथम मांडवाचं मागचं दार पाहिलं आणि मग नवरीला, असं ती नवरी, शोभाताई, अजून सांगतात.

पहिल्याच बैठकीत त्यांनी स्टेजच्या डाव्या बाजूला, पत्र्याच्या कुंपणात, बारा फुटी दरवाजा मागितला. कोणासाठी, असं सदाशिवरावांनी विचारलं. लोकांसाठी, नरहरराव म्हणाले. लोकं तर मोठ्या फाटकातून येणारच आहेत, असं एकानं निदर्शनास आणलं. गर्दी दाटली तर त्यांना बाहेर पडायला, नरहरराव म्हणाले.

“एवढा खर्च करून लोकं जमवाचे,” सदाशिवराव म्हणाले, “अन् वरून त्याइले बाहेर काढाले दरवाजा कराचा? कायले?”

ठराव एकमतानं बारगळला.

नरहरराव हार मानणारे नव्हते. दुसऱ्या बैठकीत त्यांनी तोच दरवाजा वेगळ्या रूपात मांडला. त्यावर कमान असेल, कमानीवर प्रमुख पाहुण्यांचं नाव असेल, खाली समितीचे फोटो असतील आणि पाहुण्यांच्या हस्ते फीत कापून त्याचं उद्घाटन होईल. ठराव दोन मिनिटांत मंजूर झाला. फोटो मावेनात म्हणून बारा फुटांचे पंधरा झाले. या लोकांची नस आपल्याला सापडली, असं नरहररावांनी घरी येऊन सांगितलं आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. उद्घाटन किती वाजता, एवढंच विचारायचं राहून गेलं.

मग त्यांनी सूचनापत्रक लिहिलं. जमिनीत पऱ्हाटीचे खुंट आहेत, चपला नकोत, बूट घाला. पाणी पीत राहा. रेटा आला तर दोन्ही हात छातीसमोर धरा, खाली पडलेली वस्तू उचलायला वाकू नका. त्रास वाटला तर स्टेजच्या डावीकडच्या हिरव्या दरवाजाकडे या. समितीनं ते छापलं, पण वर तेवीस जणांचे फोटो आल्यामुळे सूचनांना तळाशी बोटभर जागा उरली. ते वाचलं फक्त नरहररावांच्या नातीनं. बारावीतल्या मितालीला दुसरा इलाज नव्हता. आजोबांनी तिला ते जेवताना तीनदा वाचून दाखवलं होतं.

महोत्सवाच्या दिवशी दुपारी चार वाजता नरहररावांनी फेरी मारली. आग विझवायच्या नळकांड्यांची विधिवत पूजा झाली होती. हळदकुंकू लावून, हार घालून त्या खांबाला सुतळीनं इतक्या भक्तीनं बांधल्या होत्या की सोडवायला कोयताच लागला असता. स्टेजसमोर पाहुण्यांसाठी साठ सोफे मांडले होते आणि ते सगळे रिकामे होते. मोठ्या फाटकात मोटारसायकली लागल्या होत्या, कारण तिथं सावली होती. अँब्युलन्स आली होती, पण आत रुग्णाऐवजी हार झोपवले होते. एसी होता ना.

पाच वाजता नागपूरचा बँड सुरू झाला. आठ-दहा हजारांची गर्दी पुढे सरकली, सोफ्यांना अडली आणि डावीकडे वळली. नरहरराव तेव्हा बाहेरच्या अंगाला अँब्युलन्समधले हार उतरवून घेत होते. त्यांचा फोन वाजला.

“आजोबा, मी हिरव्या दरवाजाशी आहे,” मिताली म्हणाली. तिचा आवाज चेपल्यासारखा येत होता. “तो बंद आहे. मागून ढकलतायत. श्वास घेता येत नाहीये.”

साठी उलटलेला माणूस पऱ्हाटीच्या खुंटांतून जेवढं पळू शकतो तेवढं ते पळाले.

कमानीखाली लाल गालिचा होता, बँडपार्टी होती, स्वागत समितीचे चाळीसच्या चाळीस सभासद फेटे बांधून उभे होते. मधोमध मारोतराव, निवृत्त मुख्याध्यापक, हातात तबक, तबकात कात्री, कात्रीवर रुमाल. त्यांच्या मागे पत्र्याचा हिरवा दरवाजा, त्याला कुलूप आणि कुलपावर झेंडूचं फूल खोवलेली गुलाबी फीत. आतून पत्र्यावर धपाधप हात पडत होते. मारोतराव त्या तालावर मान डोलवत होते. त्यांना तो ढोल वाटला होता.

दरवाजा उघडा, आत माणसं चेंगरतायत, नरहरराव म्हणाले. मारोतरावांनी त्यांना शांतपणे समजावलं की पाहुणे अलीकडच्या बोरीअरब गावाच्या पुढे आले आहेत, पाच मिनिटांत पोचतात. हे ते चार वाजल्यापासून सांगत होते. नरहररावांनी सांगितलं, माझी नात आत आहे.

“माही सून बी आत हाये, भाऊ,” मारोतराव म्हणाले. “पण पाहुण्याइच्या आधी फीत कापली, तं मी सदाशिवरावले तोंड कसं दाखवू?”

किल्ली त्यांच्या जाकिटाच्या खिशात होती. नरहररावांनी हात घातला, तर दोन फेटेवाल्यांनी अत्यंत आदरानं त्यांचे दंड धरले. पत्रा आता पोटासारखा फुगला होता. कडी वाकत होती. आतल्या बाजूला कोणी रडत असेल तर गाण्यात ते कळायला मार्ग नव्हता.

या लोकांना माणूस मेलेला चालेल, कार्यक्रमपत्रिका मोडलेली चालणार नाही, हे नरहररावांना तिथं लख्ख दिसलं. तेव्हा पत्रिका मोडून उपयोग नव्हता, ती पार पाडायला हवी होती. आता फक्त पाहुणा पाहिजे होता.

गालिच्याच्या कडेला जमनाबाई फुटाण्याची पेटी घेऊन बसली होती. समितीनं तिला तीनदा उठवलं होतं, ती चौथ्यांदा बसली होती. नरहररावांनी दंड सोडवून घेतले, तिचा हात धरून तिला गालिच्यावर आणलं आणि स्वागताचा माइक उचलला.

“चाळीस वर्षं जनतेच्या पोटाची काळजी वाहणाऱ्या,” ते संथ आवाजात म्हणाले, “आपल्या भागाच्या माननीय जमनाबाई यांचं आगमन झालेलं आहे.”

‘माननीय’ ऐकलं की वाजवायचं, असं बँडपार्टीला सांगून ठेवलं होतं. ती वाजली. चाळीस जणांनी टाळ्या वाजवल्या, एकानं शाल घातली, कोणी नारळ दिला, फोटो समिती गुडघ्यांवर बसली. मारोतरावांचा चेहरा नाही म्हणत होता, पण हात कोणाचं ऐकतात. ज्या हातांनी शेकडो पाहुण्यांपुढे तबक धरलं, ते आपोआप पुढे झाले.

“मी काय करू, बापू?” जमनाबाईनं विचारलं.

“कापा. लवकर.”

तिनं फीत कापली. फीत कापली की किल्ली द्यायची असते, म्हणून मारोतरावांनी किल्ली दिली.

दरवाजा उघडला आणि माणसं बाहेर सांडली. पहिली दहा-बारा गालिच्यावर पडली, मागची त्यांना ओलांडत आली आणि स्वागत समिती सवयीनं त्यांच्यावर फुलं टाकत राहिली. कोणाचं मनगट मोडलं, दोघी बेशुद्ध होत्या, खुंटांनी कितीतरी तळवे फाडले. मेलं कोणी नाही. यात समितीचा काही हातभार नव्हता.

मारोतरावांची सून पदर सावरत बाहेर आली आणि सासऱ्याकडे न पाहता पुढे गेली. मिताली त्यानंतर आली. एक बूट आत राहिला होता, तळवा रक्ताळला होता. नरहररावांनी तिला अँब्युलन्समध्ये हारांच्या जागी बसवलं आणि पट्टी बांधायला घेतली.

“तुम्हीच डावीकडे जा म्हणाला होतात,” ती म्हणाली.

त्यांनी पट्टी घट्ट बांधली, सोडली आणि पुन्हा बांधली.

पाऊण तासानं पाहुणे आले. सदाशिवराव धावत कमानीकडे आले, नवी फीत मागवली आणि लोकांना दहा मिनिटांसाठी परत आत घ्या म्हणाले. दरवाजा बंद असल्याशिवाय उद्घाटनाला अर्थ नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. मग कुलूप शोधू लागले. शेवटी अँब्युलन्सपाशी आले.

“कुलूप कुठं हाये?”

“जमनाबाईंना सन्मानचिन्ह म्हणून दिलं,” नरहरराव मितालीचा पाय मांडीवरून न उतरवता म्हणाले. “दिलेलं सन्मानचिन्ह परत मागणं समितीला शोभायचं नाही.”

सदाशिवरावांनी मारोतरावांचं मत घेतलं. मारोतरावांनीही तसं शोभायचं नाही असंच सांगितलं. पाहुण्यांनी मग सताड उघड्या दरवाजात फीत कापली, आणि दरवाजा रात्री कार्यक्रम संपेपर्यंत सताड उघडाच राहिला.

पुढच्या आठवडी बाजारात नरहरराव फुटाणे घ्यायला गेले. जमनाबाईच्या पेटीला ते कुलूप लागलेलं होतं.

“पुढच्या साली बी मलेच बोलावसान का, बापू?”

“या,” ते म्हणाले. “पण तीन वाजता, गर्दीच्या आधी या. दरवाजाची किल्ली मी माझ्याकडेच ठेवतो.”