बरणीतलं शेवाळ

फुस्स. फुस्स.

घरात अजून जाग नव्हती, त्यामुळे स्प्रेच्या बाटलीचा एवढासा आवाजही नम्रताला मोठा वाटला. तिने काचेच्या बरणीचं झाकण उचलून आत पाहिलं. मध्यंतरी हिरवी टोकं धरलेलं शेवाळ पुन्हा तपकिरी पडत चाललं होतं.

“मेलां तां. टाक भायेर,” आतल्या खाटेवरून सासूबाई म्हणाल्या.

“झोपा ना आई. चहा टाकते मी.”

“ह्यानंच माझा खुबा मोडलान, नि तू त्याला काचेच्या बंगल्यात ठेवलंस.”

बकुळाबाई गेल्या पावसाळ्यात विहिरीच्या पायरीवर शेवाळावरूनच घसरल्या होत्या. ऑपरेशन झालं, घरात वॉकर आला. एकदा त्या धरत धरत स्वयंपाकघरापर्यंत गेल्या आणि हातून दुधाचं पातेलं सांडलं. नम्रताचा नवरा केतन लोटे गावच्या कंपनीतून सुट्टीवर आला होता, रात्रपाळ्यांनी आंबलेला. तो आईला एवढंच म्हणाला, “कोणी सांगितलं होतं उठायला?”

त्यानंतर त्या उठल्याच नाहीत. मांडवीतून बाजारापर्यंत डोक्यावर माशांची पाटी नेणारी बाई. आता नम्रता त्यांना खाटेवरच भांडं द्यायची आणि वॉकरवर टॉवेल वाळत घालायची.

बरणी शोभेची, रोपांच्या नर्सरीतली होती. नम्रता तिथे काउंटरवर बसायची. कुणा हॉटेलवाल्याने बरणी परत पाठवली, तेव्हा आतलं शेवाळ वाळून काथ्यासारखं झालं होतं. मालकीण शमिकाताई म्हणाली, “ने घरी. वाळलं म्हणजे मेलं असं नसतं. पाणी चांगलं मिळालं तर येतं परत.”

नम्रताने वाळकी टोकं कात्रीने कापली, बरणी खिडकीत सावलीला ठेवली. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून शेजारच्या मैनावहिनींच्या एसीखाली बादली लावून ते पाणी धरलं. स्वयंपाक, पोरीची वेणी, खाटेवरची चादर, काउंटर. दिवसभरात हे एकच काम असं होतं, जे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

संध्याकाळी ती परतली तर बरणीच्या तळाशी पाणी साचलेलं. काचेवर पांढरट डाग. तिने बोट बुडवून जिभेला लावलं. खारट.

“पूर्वी, तू ह्यात कळशीतलं विहिरीचं पाणी घातलंस?” तिने लेकीला विचारलं.

“मी नाय. आजी घालते.”

“आजीला बरणी कोण नेऊन देतं?”

“कोण नाय. ती येते ना. तू कामाला गेलीस की वॉकर घेते, कळशीकडे जाते, तांब्या भरते. मग भिंतीला धरून उभी राहते थोडी. मग इथे येते.” पूर्वीने आवाज खाली आणला. “रोज येते. तुला सांगू नको म्हणाली.”

नम्रताने वॉकरकडे पाहिलं. सकाळी त्यावर टाकलेला टॉवेल घडी करून खाटेच्या पायथ्याशी ठेवलेला होता.

तिने परसदारी जाऊन शमिकाताईला फोन लावला.

“रोज घातलंय? मग मीठ बसलं असणार गं आत. आता नाही येणार ते. टाकून दे.”

ती आत आली तेव्हा सासूबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या.

“काय गो, हिरवां झालां काय तुझां तां?”

“होतंय, आई.”

“सकाळी जरा सुकल्यासारखां वाटलां. हितनं दिसतां मला.”

खाटेवरून खिडकी दिसत नव्हती.

नम्रता बरणी घेऊन मोरीत बसली. एसीचं पाणी ओतून हलकेच खळखळवलं, उपसून टाकलं, पुन्हा ओतलं. शेवाळाचा एक तुकडा बोटांत सुटून आला. सांगायला हवं होतं की, आई, ते पाणी नको, हे घाला. साधं वाक्य. पण ते कसंही फिरवून मांडलं तरी शेवटी केतनच्या वाक्यापाशीच जात होतं. तिचे गुडघे दुखत होते. भात अजून लावायचा होता.

पूर्वी दारात येऊन उभी राहिली. मागे वळून आतल्या खोलीकडे पाहिलं आणि आईच्या कानाशी आली.

“आई, हे आजीने नाय विचारलंय, मीच विचारते, असं समज हां. उद्यापासून ह्याला दोनदा पाणी घातलं तर चालेल?”