चार बोटं माया

मी पॉयची एक जुनी दोरी आहे, मित्रांनो. पॉय म्हणजे आम्ही दोघी बहिणी. आमच्या एका टोकाला बोटात अडकवायचा फासा आणि दुसऱ्या टोकाला चिंध्यांचा चेंडू. दोन्ही हातांत धरून आम्हाला गरगर फिरवतात. मी डावी. उजवी स्वतःला जरा शहाणी समजते, पण ते असो.

आम्हाला आजोबांनी शिवलं. ते शिंपी. पातळ पांढरं कापड उरेब, म्हणजे तिरपं कापून त्यांनी आमच्या लांब नळ्या केल्या. तिरप्या कापडाला ताण सोसतो. आम्ही त्यांच्या नातीसाठी होतो. ती एका जागी ठरत नसे, म्हणून घरात तिला भिंगरी म्हणत. ती अंगणात आम्हाला फिरवायची आणि आजोबा मशीन थांबवून बघत बसायचे. त्या कौतुकाने मी फुगून जायचे.

पुढे आजोबांची नजर अधू झाली. आधी सुईचं नेढं गेलं, मग माणसांचे चेहरे गेले. शेवटी अंधारातला दिवा तेवढा कळायचा. डॉक्टर म्हणाले, तोही फार दिवस कळणार नाही.

एकदा फिरवणं झाल्यावर आजोबा म्हणाले, "वारा लागला गं, दिसलं काहीच नाही."

भिंगरीने मनावर घेतलं. तिने चेंडूला बाहेरून चक्क टॉर्च बांधला. नाकापेक्षा मोती जड! दुसऱ्याच फेरीला तो सुटला आणि कपाटाची काच फुटली. घरात बोलणी बसली ती मला. टॉर्च मात्र नामानिराळा.

मग भिंगरीची आत्या पुढे आली. ती वायरिंगची कामं करायची. तिने बारीक दिव्यांची माळ आमच्या पोटातून ओवली. बॅटरीची डबी चिंध्यांत गुंडाळून चेंडूत बसवली, म्हणजे कुणाला लागली तरी टोचू नये. वायर अगदी माझ्या मापाची कापली. पण फिरताना मी ताणले गेले, वायर काही ताणेना. ती तटकन तुटली, उघडी टोकं एकमेकांना चिकटली आणि चेंडू तापला. आत्याने झटकन बॅटरी काढली.

"बास. पुन्हा हा खेळ नको," ती म्हणाली. भिंगरी रडवेली झाली. आजोबांना दिवा कळायचे थोडेच दिवस उरले होते.

आजोबांनी मला मागून घेतलं. त्यांची बोटं माझ्यावरून हळूहळू फिरली, तुटलेल्या जागी थांबली.

"तू मोजून कापलीस. शिवणीत जास्तीचं कापड सोडतात, तशी माया कुठे सोडलीस?"

"बाबा, ही वायर आहे, बाही नाही."

"बाहीलाही हात वर करावाच लागतो. चार बोटं माया सोड, आणि ओढ दोरीवर येऊ दे, जोडावर नको."

आत्या हसली आणि पुन्हा कामाला बसली. वायर चार बोटं जास्त घेऊन नागमोडी सोडली, जोड नीट झाकले, दोन्ही टोकं माझ्याशी टाक्यांनी बांधली. आधी गादीवर झटके देऊन पाहिलं. चेंडू गार राहिला.

दुपारीच पडदे ओढून खोलीत अंधार केला. भिंगरीने आम्हाला फिरवलं. आजोबांनी मान आमच्या दिव्यांकडे वळवली. माझा जीव टांगणीला लागला.

मग ते म्हणाले, "डावा हात मागे राहतोय."

भिंगरी फिरवता फिरवता रडायला लागली. डावा हात खरंच मागे होता.

आता आजोबांना तो उजेडही कळत नाही. माझं कापड विरलं, दिवे काढून ठेवलेत. महिनोन् महिने मी खुंटीवर असते. मित्रांनो, आमच्यासारख्यांना जपा. ठेवताना बॅटरी काढा, टाके उसवलेत का बघा, आणि काहीही जोडताना चार बोटं माया सोडा. ताण आला की तीच कामी येते.

कधीतरी भिंगरी आम्हाला खुंटीवरून काढून फिरवते. आजोबा कान देऊन ऐकतात आणि म्हणतात, "डावा अजून मागेच." तिचा हात केव्हाच सुधारलाय. पण त्यांचा शब्द खोटा पडू नये, म्हणून मीच जरा मागे राहते.