हात माझ्याखाली ठेवा

मी घोंगडी. काळी, खरखरीत आणि तोंडानं फटकळ. मला अडगळीत टाकायचा हुकूम निघालाय, म्हणून आज बोलतेय.

माझी लोकर चिमाजीच्या मेंढरांची. सणगरानं विणून चिंचोक्याची खळ दिली, तशी मी ताठ झाले. चिमाजीची लेक सुलक्षणा बालवाडीची बाई व्हायला पुण्यात शिकत होती. कॉलेजकडून सहा महिने डेन्मार्कला निघाली, तेव्हा बापानं मला तिच्या बॅगेत कोंबलं. "थंडी लई असती तिकडं," म्हणाला.

तिकडच्या बालवाडीत पहिल्याच सकाळी पोरीनं घोळ घातला. मुलं बाहेर खेळायला निघाली, तर हिनं भराभर सगळ्यांचे बूट चढवले, गुंड्या लावल्या. वाडीवर वाढलेली पोर ती! कोकरू अडखळलं की उचलायचं, एवढंच तिच्या हातांना ठाऊक. वाटलं, शाबासकी मिळेल. कसली शाबासकी! एका चार वर्षांच्या मुलीनं भोकाड पसरलं, बूट काढून फेकले आणि पुन्हा स्वतः घालत बसली. तिथल्या म्हाताऱ्या बाई सुलक्षणाला एवढंच म्हणाल्या, "तिचं काम तू काढून घेतलंस."

त्या दिवशी ती मला पांघरून रडली. दुसऱ्या दिवसापासून मला मांडीवर घ्यायची आणि मदतीला धावणारे हात माझ्याखाली दाबून धरायची. त्या हातांची काय तडफड व्हायची, ते मलाच माहीत. हळूहळू ते शहाणे झाले.

आता आम्ही मार्गासनीजवळच्या एका वाडीवरच्या बालवाडीत आहोत. सुटी झाली की मुलं आपापल्या चपला घालतात आणि बाई हात झाकून बघत बसते. अर्धा तास जातो. गावाला ते कुठलं पटायला! "परदेशात जाऊन आळस शिकून आली," म्हणतात. बालवाडीच्या समितीचे रखमाजी परवा बजावून गेले, "बाई, सोमवारपासून ही घोंगडी आन् ही थेरं बंद. न्हाईतर आमी दुसरी बाई बघतो."

सुलक्षणाचा चेहरा उतरला, पण आवाज उतरला नाही. "बघा, तात्या. पण मी हितं हाय तोवर पोरांच्या चपला पोरंच घालणार."

माझा धागा न् धागा ताठ झाला, सांगते!

आज तो सोमवार. सुटी झाली. रखमाजी दारात उभेच. सुलक्षणा मला मांडीवर घेऊन बसली. समोर छोटी कोमल चपलेच्या पट्ट्याशी झटत होती. तिची आजी रतनबाई न्यायला आलेली. "अगं बया, लेकरू घामाघूम झालं की!" म्हणत ती वाकली.

"आज्जे, हात काढ! माझं मी घालती."

रतनबाई थबकली. पट्टा तीनदा सुटला, चौथ्यांदा बसला. डावं-उजवं उलटं झालं होतं. पण कोमल अशा ऐटीत चालत निघाली की रखमाजीच दारातून बाजूला सरले.

रतनबाई सुलक्षणाशेजारी खाली बसली. बाकीची मुलं अजून झटत होती. तिचे हात शिवशिवले. मग तिनं गुपचूप ते माझ्याखाली सरकवले.

रखमाजी दाराशेजारून बघताहेत. बोलू देत काय बोलायचं ते. माझ्याखाली आता चार हात आहेत. उचलून दाखवा मला!